घरात आजी आहे न्हवं?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी आठच्या शिफ्टला आमच्या गेटवर वॉचमन मामांच्या केबिनमधे एक चार वर्षांचा पोरगा बसला होता. अंगात बहिणीचा गुलाबी रेनकोट, पायात दोन वेगळ्या जोडांच्या चपला. मामांनी त्याला संपत आलेलं गेटपासचं बुक आणि निळं पेन दिलेलं, आणि गेटातनं आत येईल तो प्रत्येक ट्रक तो त्यावर काढत होता. आई आत कोअर शॉपला. सासू लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, शेजारीण दवाखान्यात, नवरा ड्रायव्हर आणि त्याची गाडी हुबळीला. घरी बसली असती तर त्या दिवसाचा पगार जाणार आणि महिन्याचा हजेरी भत्ताही जाणार, म्हणून ती पोराला घेऊनच आली. अकरा वाजता मॅनेजर साहेबांनी बघितलं, मामांना झापलं, तिला झापलं आणि हाफ डे टाकून घरी पाठवलं. नियमानं त्यांचं बरोबरच होतं, जिथं दिवसभर फोर्कलिफ्ट आणि ट्रक फिरतात तिथं एवढं लहान मूल असणं धोक्याचंच आहे. पण तो हाफ डे मस्टरला मी टाकला, कारण पगाराचं काम माझ्याकडं आहे, आणि तेव्हापासनं हा विषय डोक्यातनं जाईना.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, अकौंट्स आणि पगार बघते. आमच्याकडं बायका जास्त करून कोअर शॉपला आहेत, थोड्या फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, दोघी इन्स्पेक्शनला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कोअर म्हणजे कास्टिंगच्या, ओतलेल्या भागाच्या, आत जी पोकळी ठेवायची असते तिच्या आकाराचा वाळूचा ठोकळा. हात जरा जास्त पडला की मोडतो, आणि मोडलेला वेळेत दिसला नाही तर पुढं आख्खं कास्टिंग रिजेक्ट. त्यामुळं हात हलका लागतो आणि नजर पक्की लागते, आणि असा हात तयार व्हायला दोन-तीन महिने जातात हे आमचे मालक स्वतःच सगळ्यांना सांगतात. तर अशा कामाला नवीन बाई घेताना तिला पगार, शिफ्ट, ओव्हरटाईम हे सगळं सांगून झालं की शेवटी एक प्रश्न हमखास येतो, "पोरं लहान आहेत म्हणताय, घरात आजी आहे न्हवं?" आजी आहे म्हटलं की उद्यापासनं या. नाही म्हटलं की कळवतो. मोल्डिंगला, मेल्टिंगला किती पुरुष घेतले असतील या वर्षांत, त्यातल्या एकालाही हा प्रश्न विचारलेला मी ऐकलेला नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची पोरं लहानच होती.

माझं म्हणणं या प्रश्नापासनंच सुरू होतं. मालकांना पक्कं माहीत आहे की मूल सांभाळायची सोय असल्याशिवाय हे काम होत नाही. म्हणजे ती सोय कामाचाच भाग झाली, जसं भट्टीला लाईट लागते तसं. लाईटचं बिल कंपनी भरते. मुलाच्या सोयीचं बिल मात्र कुठंतरी वडगावात नाहीतर नागावात बसलेली एक म्हातारी बाई भरते, आणि ते कोणाच्याच वहीत दिसत नाही.

ती आजी कोण असते ते जरा बघा. आपल्या डोळ्यापुढं आजी म्हटलं की पांढऱ्या केसांची, देवाला वाती करत बसलेली बाई येते. आमच्या कामगार बायकांच्या सासवा बहुतेक पन्नाशीतल्या आहेत, स्वतः अजून कामाच्या आहेत. भांगलणीला, ऊस लावणीला, भुईमूग काढायला गेल्या तर रोज मिळतो. नातवंडापायी तो रोज बुडतो. सून कमावते पण सासूची कमाई थांबते, आणि घरात त्यावरनं जे शब्द होतात ते सुनेलाच ऐकायला लागतात. आणि ज्या खरंच थकलेल्या आहेत त्यांचं तर विचारू नका, गुडघे गेलेल्या बाईनं दीड वर्षाच्या पळणाऱ्या पोराच्या मागं दहा-दहा तास कसं राहायचं. पोरगं हौदापर्यंत गेलं, चुलीजवळ गेलं, रस्त्यावर गेलं, हे फोन शॉप फ्लोअरवर येतात आणि ते ऐकून बाईचा चेहरा कसा होतो ते मी बघितलंय.

माझंही तेच झालं. ही नोकरी लागायच्या आधी मी शहरात दुसऱ्या एका ठिकाणी होते, मुलगी सव्वा वर्षाची, आम्ही कसबा बावड्यात राहायचो आणि सासूबाई सांभाळायच्या. प्रेमानं सांभाळायच्या, एका शब्दानं कधी बोलल्या नाहीत. एक दिवस मुलीला कडेवर घेऊन पायरी उतरताना त्या पडल्या, मुलीला काही लागू दिलं नाही पण स्वतःचं मनगट मोडून घेतलं. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवूनसुद्धा म्हणाल्या, तू जा कामाला, मी बघते. मी नाही गेले. पाळणाघर शोधलं, राजारामपुरीत एक चांगलं होतं, महिन्याला साडेचार हजार आणि साडेसहाला बंद. आमचं ऑफिस सहाला सुटायचं ते कागदावर, मार्च एंडला आठ वाजायचे. साडेसहानंतर त्या ताई पर्स घेऊन दारात उभ्या असायच्या, त्यांचंही घर होतं, त्यांचं काही चुकत नव्हतं. साहेबांना विचारलं की महिनाभर मला साडेपाचला सोडा, मी सकाळी लवकर येते, तर म्हणाले एकाला सोडलं की सगळे मागतात. मी राजीनामा दिला. दोन वर्षांनी परत कामाला लागले तेव्हा दुसरीकडं आधीच्याच पगारावर, माझ्याबरोबरची मुलं तोवर सीनियर झालेली.

माझं निभावलं कारण नवऱ्याचा पगार होता. तेरा हजारावर काम करणाऱ्या बाईनं साडेचार हजार पाळणाघराला दिले तर राहतं काय, त्यात जायचं यायचं भाडं, आणि मग घरातले म्हणतातच की एवढ्यासाठी जातीसच कशाला. या हिशोबातनं बायका कामातनं बाहेर पडतात. काम आवडत नाही, जमत नाही, बाईला घरीच राहायचं असतं, हे सगळं लोक मागनं बोलतात.

आता कायदा काय सांगतो ते सांगते, कारण आमच्या भागात निम्म्या लोकांना हे माहीतच नाही, बायकांना तर नाहीच. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनंतर लिहिलं होतं की तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली, सांभाळायला शिकलेली बाई, सगळी सोय कारखान्यानं करायची. मग झालं काय, तर हा आकडाच बायकांच्या मुळावर आला. तीसच्या पुढं जायचंच नाही, किंवा वरच्या बायका ठेकेदाराच्या पटावर दाखवायच्या. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांवरनं सव्वीस झाली ती सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच दुरुस्तीत हेही आलं की पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय पाहिजे, आणि आईला दिवसातनं चार वेळा मुलाकडं जाऊ दिलं पाहिजे. इथं पन्नास म्हणजे नुसत्या बायका नाहीत, सगळे मिळून पन्नास. ही फार मोठी सुधारणा होती, कारण आता बाई घेतली म्हणून आकडा वाढतो असं राहिलं नाही, पुरुष घेतला तरी तेवढाच वाढतो. आणि नेमणूक करतानाच बाईला हे सगळे हक्क लेखी कळवायचे असंही त्यात होतं. असं लेखी मिळालेली किती जणी तुमच्या ओळखीत आहेत ते एकदा विचारून बघा.

त्याच कायद्यात अजून एक गोष्ट आधीपासनं होती, मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला दूध पाजायला दिवसातनं दोन जादा ब्रेक. वाचायला किती चांगलं वाटतं. पण बाळ हलोंडीत आणि आई शिरोलीत मशीनवर असेल तर त्या ब्रेकमधे तिनं काय करायचं? काय करते ते मी सांगते, कारण मी बघितलंय. सव्वीस आठवड्यांतले आठ आठवडे बाळंतपणाच्या आधीच घेतलेले असले तर हातात राहतात अठरा, म्हणजे बाळ चार-साडेचार महिन्यांचं असताना ती परत कामावर. डॉक्टर सांगतात सहा महिने अंगावरचंच दूध द्या. आमच्याकडं एक मुलगी अशी परत आली होती, दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती बाथरूमला जाऊन बेसिनमधे दूध पिळून टाकायची, कारण छाती दगडासारखी व्हायची, युनिफॉर्मवर ओले डाग पडायचे, म्हणून ती वरनं ओढणी गुंडाळायची, त्या उकाड्यात. तिचं बाळ तेव्हा पाच किलोमीटरवर बाटलीनं पावडरचं दूध पीत होतं. दीड महिन्यात सोडून गेली. तिच्या जागेवर नवीन मुलगी घेतली, तिला शिकवण्यात दोन महिने गेले, त्या दोन महिन्यांत कोअरचं रिजेक्शन वाढलं म्हणून मीटिंगा झाल्या, पण रिजेक्शन का वाढलं याच्या मुळाशी कोणी गेलं नाही.

"आमच्याकडं पन्नास माणसंच नाहीत" हे उत्तर मला सगळ्यात जास्त मिळतं, आणि ते खोटं नाही. कोल्हापूरचा उद्योग असाच आहे. उद्यमनगरात दोन लेथ आणि सहा माणसांवर चाललेली वर्कशॉपं, शिरोली आणि गोकुळ शिरगावला वीस, तीस, चाळीस माणसांची युनिटं, हुपरीत चांदीचं काम तर घराघरात, इचलकरंजीत यंत्रमागाचे छोटे छोटे शेड. पन्नासचा आकडा मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपन्या डोळ्यापुढं ठेवून घातलाय असं वाटतं. पण म्हणून आपण सुटलो असं होत नाही. नोव्हेंबर २०२५ पासनं मातृत्व लाभ कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत स्पष्ट आहे की अनेक आस्थापनांनी एकत्र येऊन एकच पाळणाघर चालवलं तरी चालतं, किंवा सरकारचं, नगरपालिकेचं, एखाद्या संस्थेचं असलेलं वापरलं तरी चालतं. आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यातही एक किलोमीटरच्या आत मिळून केलेल्या पाळणाघराची मुभा आहे. म्हणजे वाट आहे, आणि ती छोट्या युनिटांना जास्त सोयीची आहे. एकट्या चाळीस माणसांच्या युनिटात सहा वर्षांखालची पोरं असून असून किती असणार, सात-आठ. त्यांच्यासाठी वेगळी खोली आणि दोन बायका परवडत नाहीत हे मलाही कळतं, मी हिशोबच लिहिते. पण एका रस्त्यावर अशी तीस युनिटं आहेत.

हिशोब करूनच दाखवते. समजा तीस युनिटं मिळून बाराशे माणसं, आणि पाळणाघरात चाळीस मुलं. पाच बायका सांभाळायला, प्रत्येकीला चौदा हजार, झाले सत्तर हजार. जागेचं भाडं वीस हजार. दूध, नाष्टा, जेवण मुलामागं दिवसाला तीस रुपये धरले तर सव्वीस दिवसांचे एकतीस हजार दोनशे. लाईट, औषधं, साफसफाई दहा हजार. बेरीज एक लाख एकतीस हजार दोनशे. आईबापांकडनं मुलामागं हजार रुपये घेतले तर चाळीस हजार वजा, राहिले एक्क्याण्णव हजार दोनशे. बाराशे माणसांवर वाटले तर माणसी महिन्याला शहात्तर रुपये. दिवसाला दोन वेळचा चहा दहा रुपयांनी धरला तर कंपनी एका माणसाच्या चहावर महिन्याला पाचशे वीस रुपये घालते, आणि चहा बंद करा असं कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. भाडं जास्त लागेल, बायका सहा लागतील, धरा दुप्पट, तरी दीडशेच्या वर फार जात नाही.

यात महत्त्वाचं काय असेल तर माणसी, बाईमागं नाही. इथं बरेच चांगल्या मनाचे मालकही चुकतात. ते म्हणतात ज्या युनिटात जेवढ्या बायका त्यानं तेवढे पैसे घालावेत. असं केलं की बाई घेणं महाग होतं आणि पुढच्या वेळी ते बाई घेतच नाहीत. आपल्यासमोर ईएसआयचं, म्हणजे कामगार विमा योजनेचं, उदाहरण आहे की. महिना एकवीस हजारापर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाचे पैसे कापले जातात, मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचे पाऊण टक्का, मग तो कामगार बाई असो की पुरुष. त्यातनं बाळंतपणाच्या रजेचा पगार ईएसआय देतं, मालकाला त्या महिन्यांत खिशातनं द्यावा लागत नाही. म्हणून ईएसआयमधल्या बाईच्या बाळंतपणाला आमचे मालक एवढे घाबरत नाहीत, आणि जिचा पगार त्या मर्यादेच्या वर आहे तिच्या रजेचा पूर्ण बोजा स्वतःवर येतो म्हटल्यावर तोंड कडू होतं. पाळणाघराचंही ईएसआयसारखं करा, सगळ्यांच्या माथी थोडं थोडं, की कोणाच्या युनिटात किती बायका याला अर्थच उरत नाही.

अन् मूल काय एकट्या आईचं असतं का? कायदा चार वेळा जाऊ देतो तो आईला. बापाचं नाव नाही. आमच्या मेल्टिंगला एक जण आहे, बायको वारली, दोन मुलं, थोरली आठ वर्षांची आणि धाकटा तीनचा. सेकंड शिफ्ट लागली की थोरली धाकट्याला सांभाळते. त्या आठ वर्षांच्या मुलीचं बालपण कोणत्या हिशोबात धरायचं? पाळणाघर झालं तर ते कामगारांच्या मुलांचं पाहिजे, फक्त कामगार बायकांच्या मुलांचं नको. बाप मुलाला सोडायला आणायला लागला तर घरातही काही फरक पडेल. २०१९ च्या देशपातळीवरच्या वेळ वापर सर्वेक्षणात आलं होतं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे आठ तास मशीनवर उभं राहून आलेल्या बाईची दुसरी शिफ्ट घरात वाट बघत असते.

काही जण म्हणतात अंगणवाडी आहे की, शाळा आहे की. अंगणवाडीनं गावागावात मोठं काम केलंय, १९७५ पासनं, आणि आमच्या सेविका ताई किती कमी पैशात किती रजिस्टरं भरतात ते मला माहीत आहे. पण अंगणवाडी काही तासांची, दुपारी मुलं घरी. सरकारनं २०२२ पासनं मिशन शक्तीमधे पाळणा योजना आणली, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, कल्पना फार चांगली आहे, पण आमच्या आजूबाजूच्या गावांतली कामावरची एकही बाई मला अजून सांगत आली नाही की माझं मूल तिथं असतं. आणि शाळेचं तर वेळापत्रकच जुळत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं ठरवलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत, मुलांची झोप पूर्ण व्हावी म्हणून. मुलांसाठी ते चांगलंच आहे, माझ्या मुलीलाही बरं पडलं असतं. पण आठच्या शिफ्टची आई साडेसातला घर सोडते. साडेसात ते नऊ ते पोर कोणाकडं? शेजाऱ्याकडं, नाहीतर कुलूप लावून. अशी निर्णय घेणारी माणसं सकाळच्या शिफ्टचा कधी विचार करत नाहीत, आणि शिफ्ट लावणारी माणसं शाळेचा करत नाहीत, मधे सापडते ती बाई.

शहरातल्या दुकानांचं अजून वेगळंच. महाद्वार रोड, राजारामपुरी, गांधीनगरची कापड दुकानं, सकाळी दहाला उघडतात आणि रात्री नऊ-साडेनऊला शटर. सणाच्या दिवसात त्याहून उशीर. त्या काउंटरमागं दिवसभर उभ्या राहून साड्या उलगडून दाखवणाऱ्या मुली लग्न झालं आणि मूल झालं की दिसायच्या बंद होतात, हे कधी तुमच्या लक्षात आलंय का? आपल्याकडं रात्री साडेनऊपर्यंत पाळणाघर कुठं उघडं राहतं, ते साडेसहालाच बंद होतं. म्हणून मी म्हणते की व्यापाऱ्यांनी मिळून एक खोली घेतली आणि दोन पाळ्यांत बायका ठेवल्या तर ते त्यांच्याच फायद्याचं आहे, दहा वर्षं दुकानात असलेली मुलगी गिऱ्हाईकाला नावानं ओळखते, नवीन पोरगी तसं ओळखत नाही.

ऊसतोडीला येणाऱ्या बायकांबद्दल तर लिहायलाच जीव धजत नाही. थंडीत पहाटे चारला फडात, पोरगं उसाच्या पाल्यावर चिरगुटात गुंडाळून ठेवलेलं. आमच्या जिल्ह्याची साखर त्यांच्या हातानं निघते. रोजगार हमीच्या कामावर तरी नियम आहे की पाच लहान मुलं आली असतील तर एका बाईला त्यांना सांभाळायला बसवायचं आणि तिला तीच मजुरी द्यायची. किती साधी गोष्ट आहे. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामाच्या साइटवर, मातीत खेळणारी मजुरांची पोरं बघून तंबूतच पाळणाघर सुरू केलं आणि त्यातनं मोबाईल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. तंबूत जमतं म्हटल्यावर पक्क्या शेडमधे न जमायला काय झालं.

आता जबाबदारीचा मुद्दा. मालक म्हणतात मॅडम, उद्या पोर पडलं, काही झालं तर केस आमच्यावर. ही भीती खरी आहे, आणि मीही अशा पाळणाघराच्या बाजूची नाही की जिथं एका अंधाऱ्या खोलीत तीस पोरं आणि एक बाई. तसं करायचं असेल तर नकोच. फौंड्रीच्या आवारात तर मुळीच नको, ती धूळ आणि धूर मुलांच्या छातीत जायला नको. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत पाळणाघर कामाच्या ठिकाणी किंवा पाचशे मीटरच्या आत असावं असं आहे, तेवढ्यात शिरोलीत मेन रोडपासनं आत बरी, मोकळी जागा सापडते. कॅमेरा लावा, कोण मूल घेऊन जाऊ शकतं त्याची सही ठेवा, महिन्यातनं एकदा डॉक्टर आणा, सांभाळणाऱ्या बायकांना प्रशिक्षण आणि धड पगार द्या. आणि जबाबदारीबद्दल एवढंच विचारते, की आज कुलूपबंद घरात एकटं असलेल्या पोराला काही झालं तर केस कोणावर होत नाही हे खरं, पण म्हणून ते आपल्या शिफ्टशी संबंधित नाही असं मनावर हात ठेवून सांगता येईल का?

पाळणाघर उभं राहायला वर्ष जाईल. तोवरही करण्यासारखं खूप आहे आणि त्याला पैसा लागत नाही. हजेरी भत्त्याचंच बघा. महिन्यात एक दिवस जरी पडला तरी पूर्ण भत्ता कापायचा हा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. मुलाला ताप आला म्हणून एक दिवस राहिलेली बाई त्या दिवसाचा पगारही घालवते आणि महिनाभराचा भत्ताही, म्हणून ती ताप असलेल्या पोराला औषध पाजून तशीच कामावर येते. मुलाच्या आजारपणाचे वर्षाला पाच-सहा दिवस यातनं वगळले तर कंपनी बुडत नाही. आठऐवजी साडेनऊला येऊन उशिरा सुटायची मुभा जिथं लाईन अडत नाही तिथं देता येते, ऑफिसच्या माणसांना तर सहज देता येते. आणि ज्यांना जवळ पाळणाघर मिळतंय त्यांच्या फीचा निम्मा भाग थेट त्या पाळणाघराला दिला तरी चालेल, गावातल्याच एखाद्या चांगल्या ताईंना त्यातनं रोजगार मिळेल.

आपण कोल्हापूरकर शाहू महाराजांचं नाव उठता बसता घेतो, म्हणून लिहिते. महाराजांनी नुसत्या शाळा काढून, या शिका असं सांगितलं नाही. खेड्यातलं पोर कोल्हापुरात शिकायला आलं तर राहणार कुठं, खाणार काय हे त्यांनी आधी बघितलं आणि १९०१ पासनं एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. पुढं १९१७ मधे प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड. म्हणजे संधी द्यायची तर ती घ्यायला माणूस येऊ शकेल अशी सोय पण द्यायची, ही रीत याच गावात शंभर वर्षांपूर्वी घातलेली आहे. बाईला नोकरी देतो म्हणायचं आणि पोराचं तुझं तू बघ म्हणायचं, हे त्या रीतीत बसत नाही.

दिवाळीनंतर मी एक काम केलं. आमच्या आणि शेजारच्या दोन युनिटांतल्या पगार बघणाऱ्या मुलींना धरून सहा वर्षांखालच्या मुलांची यादी केली, आईचीही मुलं आणि बापाचीही. नाव, वय, सध्या कोण सांभाळतं, शिफ्ट कुठली. तीन युनिटांत मिळून सव्वीस मुलं निघाली. कोण सांभाळतं या रकान्यात सतरा ठिकाणी आजी आहे, चार ठिकाणी शेजारी, तीन ठिकाणी थोरली बहीण, आणि दोन ठिकाणी नुसतं "घरी" लिहिलंय. त्या दोन ठिकाणी मी परत जाऊन विचारलं, घरी म्हणजे कोणाजवळ. एकीनं उत्तर दिलं नाही, ती हातातला कोअर घासत राहिली. यादी मी मालकांच्या टेबलवर ठेवली, वरचा हिशोबही जोडला. त्यांनी पूर्ण वाचली, थोरल्या बहिणीच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं ही किती वर्षांची, मी म्हटलं आठ. ते म्हणाले कारखानदारांच्या असोसिएशनच्या पुढच्या मीटिंगला हा कागद घेऊन मीच जातो, तोवर बाकीच्या युनिटांतली नावं गोळा करा. मी रोज संध्याकाळी दोन युनिटांना फोन लावतेय, आज तेराव्या युनिटापर्यंत आले.